घरचा स्क्विड प्रॉक्सी बाहेरून का उघडत नाही? (पोर्ट फॉरवर्ड केलेला आहे)

धुऱ्यावरचा (गुरुवार, रात्री ९:५०)

नमस्कार मंडळी. थोडं लांबण लागेल, पण अर्धवट सांगून मग तुम्हीच विचारत बसण्यापेक्षा आधीच सगळं मांडतो.

गाव दारव्हा तालुक्यात. घरी तालुक्याच्या केबलवाल्याचं फायबर. स्क्रीन फुटलेल्या एका जुन्या लॅपटॉपवर डेबियन (लिनक्स) टाकून स्क्विड चालवतो, म्हणजे आपल्या वतीने पानं आणून देणारा मध्यस्थ, प्रॉक्सी. त्याची कामं दोन. घरची आणि शेजारची पोरं अभ्यासाच्या नावाखाली टॅब घेऊन बसतात, त्यांच्यासाठी नको त्या साइट्स बंद करणं हे एक. दुसरं वावराचं. गच्चीवरून विहिरीपर्यंत वायफायची लिंक ओढली आहे. तिकडे मोटरच्या स्टार्टरला ईएसपी-३२ चा बोर्ड (वायफायवाली छोटी चिप) जोडलाय आणि एक ईएसपी-३२ कॅम लावलाय, कारण मागच्या हिवाळ्यात चोरट्यांनी मोटरचं केबल कापून नेलं. बोर्डाचं पान १९२.१६८.१.६० वर, कॅमेऱ्याचं १९२.१६८.१.६१ वर. दोन्हींचं क्लाऊड-बिऊड काही नाही, फक्त घरच्या नेटवर्कात दिसतात.

सध्या हरभऱ्याला पाणी सुरू आहे, थ्री फेज लाईन या आठवड्यात रात्रीची, आणि मला कामासाठी यवतमाळला मुक्काम पडतो. म्हटलं फायरफॉक्समध्ये घरचा प्रॉक्सी टाकला की तिकडे बसूनही ही पानं उघडावीत. राउटरमध्ये ३१२८ पोर्ट (स्क्विडचं दार) लॅपटॉपकडे फॉरवर्ड केला, म्हणजे बाहेरून त्या दारावर आलेलं लॅपटॉपकडे जावं, आणि घरच्या बदलत्या पत्त्यासाठी डक-डीएनएसवर नाव घेतलं. घरच्या वायफायवर प्रॉक्सी झकास चालतो, बाहेरून काहीच नाही. फोनचं तर भलतंच. प्रॉक्सी टाकलेला असूनही बाहेर गेल्यावर इंटरनेट व्यवस्थित चालतं, वावराचं पान तेवढं येत नाही.

दोष स्क्विडचा की राउटरचा?

सावजी_रस्सा (रात्री १०:०४)

डीएमझेड ऑन कर, लॅपटॉपची फायरवॉल बंद कर. संपला विषय. काय बे एवढं मोठं लिहून राहिला.

चिखलीची (रात्री १०:२०)

@सावजी_रस्सा, डीएमझेड म्हणजे त्या लॅपटॉपचे सगळेच पोर्ट बाहेर उघडे टाकायचे. एक दार लागत नाही म्हणून अख्खी भिंत पाडायला सांगताय तुम्ही.

धुऱ्यावरचा दादा, असं काही करू नका. आधी पॅकेट (डेटाचं पाकीट) कुठे मरतं ते शोधा, मग इलाज.

मृगबहार (रात्री १०:३१)

भाऊ, फोनचं कोडं सोपं हाये. ॲन्ड्रॉइडमंधी तुम्ही प्रॉक्सी टाकला तो वायफायच्या सेटिंगमंधी. तो त्याच वायफायपुरता. घराबाहेर पडले की मोबाईल डेटा लागते, त्याले ह्या सेटिंगशी काही घेणंदेणं नाही. म्हणून इंटरनेट चालते, प्रॉक्सीतून न जाता चालते. डेटासाठी प्रॉक्सीचा रकाना एपीएनच्या (सिमच्या नेट सेटिंगच्या) पानावर वेगळा रायते. आन् बरेचसे ॲप तर वायफायवरचा प्रॉक्सीबी जुमानत नाहीत.

त्याच्यामुळं फोनवर जे पाह्यलं ते सगळं बाद धरा. लॅपटॉपवर फायरफॉक्सनंच टेस्ट करजा, त्याची प्रॉक्सी सेटिंग त्याची सोतःची असते.

(मी मोर्शीकडचा, संत्र्याच्या बागेत असलेच उद्योग करतो.)

हिंगणघाटी (रात्री ११:१५)

मृगबहार यांनी फोनचं बरोबर सांगितलं. आता लॅपटॉपचं बघू. सध्या पुण्यात आहे, नेटवर्कचंच काम करतो, त्यामुळे थोडं शिस्तीत विचारतो.

"उघडत नाही" हे तीन प्रकारचं असतं. पान बराच वेळ फिरत राहून टाइमआउट झालं, तर पॅकेट वाटेत गडप झालं आणि समोरून होय-नाही काहीच आलं नाही. लगेच "कनेक्शन रिफ्यूज्ड" आलं, तर पॅकेट कुठल्यातरी यंत्रापर्यंत पोचलं, पण त्या पोर्टवर ऐकायला कोणी बसलेलं नव्हतं. आणि स्क्विडचं स्वतःचं "ॲक्सेस डिनाइड" असं पान आलं, तर रस्ता मोकळा आहे, अडवणूक फक्त स्क्विडच्या नियमांत आहे. तुमच्याकडे यातलं काय दिसतं?

शिवाय हे करा. लॅपटॉपवर "एसएस -टीएलएनपी" मारून ३१२८ कोणत्या पत्त्यावर ऐकतोय ते बघा. १२७.०.०.१ असेल तर तो स्वतःशीच बोलतोय. मग टीसीपीडम्प (येणारी-जाणारी पॅकेटं दाखवणारी कमांड) ३१२८ पोर्टवर लावून ठेवा आणि घरातलाच दुसरा लॅपटॉप फोनच्या हॉटस्पॉटवर घेऊन बाहेरचा असल्यासारखा प्रॉक्सी उघडा. घरच्या वायफायवरून स्वतःच्याच बाहेरच्या पत्त्यावर टेस्ट करू नका. बरेच राउटर आतून बाहेर जाऊन परत आत येणारी फेरी जमू देत नाहीत, उगाच दिशाभूल होते.

शेवटचं आणि सगळ्यात महत्त्वाचं: राउटरच्या स्टेटस पानावर वॅन आयपी (राउटरचा बाहेरच्या बाजूचा पत्ता) काय लिहिलाय, आणि "माझा आयपी काय" सांगणारी साइट काय सांगते? दोन्ही आकडे एकच आहेत का?

धुऱ्यावरचा (शुक्रवार, सकाळी ७:४०)

रात्रीच करून पाहिलं.

टाइमआउटच आहे. एसएसमध्ये ३१२८ समोर तारा दिसतो, म्हणजे सगळ्या पत्त्यांवर ऐकतोय. हॉटस्पॉटवरून प्रॉक्सी उघडताना टीसीपीडम्पमध्ये एक ओळही उमटली नाही. राउटरवर वॅन आयपी १००.७२ ने सुरू होतो आणि बाहेरची साइट १०३ ने सुरू होणारा भलताच पत्ता सांगते. डक-डीएनएसवरही तो १०३ वालाच गेलाय.

एक विचित्र गोष्ट. मी काहीच करत नसताना डम्पमध्ये मधूनच ३१२८ वर काहीतरी आलं, आणि तेही १००.७२ मधल्याच दुसऱ्या कुठल्या पत्त्यावरून. राउटर स्वतःशी बोलतोय का?

हिंगणघाटी (सकाळी ८:३०)

मूळ प्रश्नाचा निकाल लागला. तुम्ही सीजीनॅटच्या मागे आहात, म्हणजे केबलवाला एकच खरा पत्ता अनेक घरांत वाटून वापरतो. १०० नंतरचा आकडा ६४ ते १२७ यांच्यामधला दिसला की तो पत्ता इंटरनेटवरचा नाही, तुमच्या केबलवाल्याच्या आतला आहे. एप्रिल २०१२ मध्ये आरएफसी ६५९८ या इंटरनेटच्या नियम-कागदाने हा पट्टा खास याच कामासाठी राखून ठेवला.

कारण सरळ आहे. पत्त्यांच्या जुन्या पद्धतीचे, म्हणजे आयपीव्ही-४ चे, एकूण पत्ते ४२९ कोटी, आणि त्यातले शेवटचे मोकळे गठ्ठे ३ फेब्रुवारी २०११ ला वाटून संपले. आपल्या भागासाठी पत्ते वाटणारी एपीएनिक आता नव्या सदस्याला फार तर ५१२ पत्ते देते. तालुक्याच्या केबलवाल्याने तेवढ्यात हजारो घरं कशी बसवायची? मग तो एकेका पत्त्यामागे पुष्कळ घरं घालतो. सगळ्या वस्तीची पत्रं ग्रामपंचायतीच्या पत्त्यावर यावीत आणि पाकिटावर घराचं नावच नसावं, तसं तुमचं ३१२८ चं पॅकेट त्याच्या मोठ्या डब्यापर्यंत येतं आणि तिथेच टाकून दिलं जातं. तुम्ही तुमच्या राउटरवर कितीही पोर्ट फॉरवर्ड केले तरी त्या डब्यावर तुमचा हात चालत नाही.

स्क्विडचा दोष नाही, राउटरचाही नाही.

ते १००.७२ वरून आलेलं काय ते मात्र नीट बघायला हवं. स्क्विडच्या ॲक्सेस लॉगमध्ये हे पत्ते शोधा.

लाईनमन (सकाळी ९:१०)

फायबर आलं म्हणून आम्ही खूश होतो. म्हणजे वायर आली पण पत्ता नाहीच आला.

धुऱ्यावरचा (दुपारी १:०५)

लॉग पाहिला आणि जरा घाबरलो. १००.७२ मधले एकाहून जास्त पत्ते आहेत. बऱ्याच ओळी "टीसीपी_टनेल/२०० कनेक्ट" (म्हणजे जाऊ दिलं) आणि पुढे मी कधी न ऐकलेली नावं, पोर्ट ४४३ (कुलूपबंद एचटीटीपीएस साइट्सचा). काही ओळींत पोर्ट २५ आहे, पण त्या सगळ्या "टीसीपी_डिनाइड/४०३" (म्हणजे नाकारलं). हे आमच्या घरातलं कोणी नाही. घरातले सगळे १९२.१६८ वरून येतात.

जगातून कोणी आत येऊ शकत नाही असं आत्ताच कळलं, मग हे कोण आणि कसे आले?

झाडीपट्टी (दुपारी १:२२)

आधी राउटरमधला फॉरवर्ड काढा. पुढचं नंतर वाचा.

काढला? आता सांगतो. जग तुमच्यापर्यंत येऊ शकत नाही, पण त्याच केबलवाल्याची बाकीची गिऱ्हाईकं येऊ शकतात. त्यांचेही पत्ते १००.७२ मधलेच. केबलवाल्याने गिऱ्हाइकांना एकमेकांपासून वेगळं ठेवलेलं नसेल, तर त्यांच्यासाठी तुमच्या राउटरचं वॅन टोक उघडं आहे. तिथे ३१२८ वर ठोठावलं की तुमचा फॉरवर्ड त्यांना सरळ स्क्विडपाशी आणून सोडतो.

आणि स्क्विड त्यांना आत का घेतो? स्क्विड.कॉन्फ (त्याची सेटिंगची फाइल) उघडा आणि "एसीएल लोकलनेट" च्या ओळी, म्हणजे घरचे पत्ते कोणते ती यादी, वाचा. १०, १७२.१६ आणि १९२.१६८ हे तर आहेतच, पण त्यांच्या मधोमध १००.६४.०.० / १० पण आहे. नव्या आवृत्त्यांत ही ओळ आयतीच येते. स्क्विडच्या हिशेबी सीजीनॅटचा पट्टा म्हणजे घरचाच माणूस. तुम्ही "लोकलनेटला परवानगी" ही ओळ चालू केली, त्यात अख्ख्या केबलवाल्याची गिऱ्हाईकं आली.

पोर्ट २५ वाल्या ओळी म्हणजे कोणीतरी तुमच्यातून स्पॅम मेल ढकलू पाहत होतं. स्क्विड डिफॉल्टने कनेक्ट फक्त ४४३ ला करू देतो म्हणून ते टळलं. ४४३ वाले मात्र गेले.

सावजी_रस्सा (दुपारी १:४०)

म्हणजे गावातलंच कोणी फुकटात मजा मारत होतं?

झाडीपट्टी (दुपारी १:५२)

माणूस असेलच असं नाही. एखाद्या दुकानातला व्हायरस लागलेला कॉम्प्युटर किंवा पासवर्ड न बदललेला सीसीटीव्हीचा जुना डीव्हीआर असेल. ही यंत्रं दिवसभर आजूबाजूचे पत्ते चाचपत असतात आणि १०८०, ३१२८, ८०८० हे पोर्ट त्यांच्या यादीत पहिले. सापडलेला उघडा प्रॉक्सी मग पुढे विकलाही जातो.

यात धोका असा की त्याने काही उपद्व्याप केला तर माग तुमच्या कनेक्शनपर्यंत येतो. उद्या चौकशी आली तर पहिलं नाव तुमचं. तो लॉग पुसू नका, बाजूला कॉपी करून ठेवा.

चिखलीची (दुपारी २:३०)

हे वाचून मी पण आमच्या घरची स्क्विड.कॉन्फ उघडली. ओळ होती. काढली.

पासवर्ड लावून प्रॉक्सी बाहेर उघडा ठेवावा असं कोणी सुचवेल, म्हणून आधीच सांगते. साध्या प्रॉक्सीचा बेसिक पासवर्ड बेस-६४ मध्ये जातो, म्हणजे वाटेत बसलेल्याला उघडाच. प्रॉक्सीपर्यंतचा रस्ताच बंदिस्त करायचा, दुसरं काही नाही.

मृगबहार (दुपारी ४:००)

आता इलाजाकडं या राजेहो. माह्या बागेतल्या अनुभवावरून सांगतो.

स्टॅटिक आयपी (कायमचा सोतःचा खरा पत्ता) मागता येते. पण आमच्या इकडच्या पोराले फोन केला तं त्यानं इचारलं, "ते काय रायते भाऊ?" मंग मालकाले इचारून सांगतो म्हणाला, अजून सांगून रायला.

आयपीव्ही-६ (पत्त्यांची नवी पद्धत) भेटत असन तं थो झकास. तिथं नॅटच (एका पत्त्यामांगं अनेक यंत्रं) नाही, हरेक यंत्राले खरा पत्ता. फक्त राउटरची व्ही-६ फायरवॉल आत येणारं सगळं अडवते, थे उघडावं लागते, आन् पत्त्याचा पुढचा भाग मधूनमधून बदलते.

तिसरं म्हणजे भाड्याचा लहानसा सर्व्हर घेऊन वायरगार्ड ह्या व्हीपीएनचा कुलूपबंद बोगदा. घरून बाहेर जाणारं कनेक्शन सीजीनॅट अडवत नाही, म्हणून घरच्या यंत्रानंच सर्व्हरकडं जायचं आन् बोगदा धरून ठेवायचा. पर्सिस्टंट कीपअलाइव्ह (मधूनमधून टकटक करणं) २५ सेकंद ठेवजा, नाही तं केबलवाल्याचा डबा थोड्या वेळानं नोंद इसरून जाते.

चौथं टेलस्केल. आतून वायरगार्डच हाये, पण सर्व्हर नाही लागत. मी तेच वापरतो.

हिंगणघाटी (संध्याकाळी ५:२०)

सहमत. मी स्वतः सर्व्हर आणि वायरगार्डवाला, कारण सगळं आपल्या हातात राहतं. पण पहिल्यांदाच करणाऱ्याने टेलस्केलपासून सुरुवात करावी. त्यात कंपनीचा सर्व्हर फक्त यंत्रांची ओळख करून देतो, खासगी किल्ली तुमच्याच यंत्रावर राहते. दोन्ही टोकं सीजीनॅटमागे असली तरी बहुतेक वेळा सरळ जोड लागतो, नाहीच लागला तर रिलेतून जातं. "टेलस्केल पिंग" मारून बघा, सरळ पत्ता दिसला तर उत्तम, "डर्प" दिसलं तर रिले. बंगळूरलाही रिले आहे, त्यामुळे स्टार्टरच्या पानासाठी वेग पुरेसा आहे.

वायरगार्ड स्वतः बसवलाच, तर एमटीयूकडे, म्हणजे एका पॅकेटच्या कमाल आकाराकडे, लक्ष ठेवा. त्याचा ठराविक एमटीयू १४२० असतो, पण तुमचं फायबर पीपीपीओईवर (युजरनेम-पासवर्ड टाकून लागणाऱ्या जोडणीवर) असेल तर मूळ वाटच १४९२ ची होते, आणि बोगदा आयपीव्ही-६ वरून गेला तर १४२० त्यात मावत नाही. मग हँडशेक होतो, पिंग जातं, लहान पानं उघडतात आणि मोठं पान अर्ध्यावर लटकतं. तेव्हा स्क्विडला शिव्या न देता एमटीयू १२८० करून बघायचा.

लाईनमन (संध्याकाळी ६:१५)

एक बाळबोध शंका. हे व्हीपीएन-बिपीएन कायद्यात बसतं ना? मध्ये बंदी आली असं व्हॉट्सॲपवर फिरत होतं.

चिखलीची (संध्याकाळी ६:४०)

बंदी नाही. २८ एप्रिल २०२२ ला सर्ट-इनने (सरकारची सायबर सुरक्षा संस्था) निर्देश काढले, त्यात लोकांना व्हीपीएनची सेवा देणाऱ्या कंपन्यांनी गिऱ्हाइकांच्या नोंदी ५ वर्षं ठेवायच्या असं होतं. स्वतःच्या घराशी स्वतःचा लॅपटॉप जोडणं ही सेवा देणं नव्हे.

पण धुऱ्यावरचा दादा, मला वेगळंच विचारायचं आहे. टेलस्केल लावल्यावर प्रॉक्सी हवाच कशाला? घरचा लॅपटॉप सबनेट राउटर करा, म्हणजे घरच्या अख्ख्या नेटवर्काचं दार, १९२.१६८.१.० / २४ हा घरचा पट्टा जाहीर करा, की १९२.१६८.१.६० सरळ उघडेल.

झाडीपट्टी (संध्याकाळी ७:०५)

ताई, त्यात एक अडचण आहे. ते यवतमाळला लॉजवर किंवा कोणाच्या घरी थांबणार. तिथल्या वायफायचा पट्टाही १९२.१६८.१ असण्याची शक्यता फार मोठी, कारण निम्म्या राउटरांचा तोच असतो. मग १९२.१६८.१.६० म्हणजे लॉजमधलं यंत्र की वावरातलं, यात घोळ होणार. प्रॉक्सीत हा प्रश्नच येत नाही. पत्ता शोधण्याचं काम घरचा स्क्विड करतो, आणि त्याच्यासाठी १९२.१६८.१.६० एकच आहे.

शिवाय सबनेट उघडलं की जोडलेल्या यंत्राला घरातलं सगळंच दिसतं. प्रॉक्सीत कोणाला काय दिसावं ते एकेका ओळीने ठरवता येतं.

चिखलीची (संध्याकाळी ७:२०)

हा मुद्दा मान्य. घराचा पट्टा बदलून १९२.१६८.७३ असा काहीतरी आडवळणाचा करणं हाही उपाय आहे, पण मग वावरातल्या बोर्डांचे पत्ते बदलायला विहिरीपर्यंत जावं लागेल.

सावजी_रस्सा (संध्याकाळी ७:४८)

आणि स्क्विड लावला की पानं साठवून ठेवतो, डेटा वाचतो, हाही फायदा ना?

हिंगणघाटी (रात्री ८:१०)

तो काळ गेला. आता जवळजवळ सगळं एचटीटीपीएस आहे, स्क्विडला आतलं काही दिसत नाही, फक्त कोणत्या नावाकडे कनेक्ट केलं तेवढं कळतं. साठवणार काय? साइट बंद करायला नाव पुरतं, म्हणून पोरांच्या टॅबसाठी त्याचा उपयोग आहे. डिस्कवरचा कॅशे मी तर बंदच ठेवतो.

धुऱ्यावरचा (रविवार, रात्री ८:१५)

फॉरवर्ड शुक्रवारीच काढला. टेलस्केल दोन्ही लॅपटॉपवर बसवलं. स्क्विडचा एचटीटीपी पोर्ट आता दोनच पत्त्यांवर ऐकतो, घरचा १९२.१६८.१.१० आणि टेलस्केलने दिलेला १०० वाला. लोकलनेटमधून १००.६४ चा पट्टा काढला आणि त्याऐवजी "माझी_यंत्रे" नावाची एसीएल करून त्यात फक्त माझ्या लॅपटॉपचा टेलस्केल पत्ता घातला. पोरांना १९२.१६८.१.६० आणि ६१ कडे जायला मनाई, ती ओळ परवानगीच्या ओळीच्या वर, कारण स्क्विड वरून खाली वाचत येतो आणि पहिली जुळलेली ओळ धरतो. "स्क्विड -के पार्स" ने तपासून मग चालू केलं.

आत्ता यवतमाळहून लिहितोय. स्टार्टरचं पान उघडलं, तिन्ही फेजचे व्होल्टेज दिसले, मोटर चालू आहे. कॅमेऱ्याचंही पान येतं, बटणं दिसतात, पण "स्टार्ट स्ट्रीम" दाबलं की चित्राची जागा रिकामी. घरी मात्र चित्र यायचं. वेग कमी पडतोय का?

मृगबहार (रात्री ८:३३)

अभिनंदन भाऊ! वेगाचं नाही वाटत, चित्र अडकत अडकत तरी आलं असतं. लॉगमंधी पाहा बरं ६१ समोर काय दिसते.

धुऱ्यावरचा (रात्री ८:४१)

"टीसीपी_डिनाइड/४०३ गेट", पत्ता १९२.१६८.१.६१ आणि पुढे ८१. हे ८१ कुठून आलं?

झाडीपट्टी (रात्री ८:५०)

ईएसपी-३२ कॅमच्या नमुना प्रोग्रॅममध्ये पान ८० पोर्टवर असतं आणि चित्राचा प्रवाह ८१ वर. घरी तुम्ही बहुधा प्रॉक्सी न लावता बघत होता म्हणून दिसायचं. स्क्विडची "सेफ_पोर्ट्स" नावाची यादी आहे, तिच्यात ८०, ४४३, २१ आणि आणखी थोडे आहेत, शिवाय १०२५ पासून वरचे सगळे. ८१ नाही. आणि यादीत नसलेल्या पोर्टला मनाई ही ओळ सगळ्यांत वर असल्यामुळे तुमच्या एसीएलपर्यंत गाडी येतच नाही.

"एसीएल सेफ_पोर्ट्स पोर्ट ८१" अशी एक ओळ वाढवा आणि रीकॉन्फिगर करा.

धुऱ्यावरचा (रात्री ९:०२)

आलं चित्र! अंधारात दांडातलं पाणी चमकतंय आणि पाइपाजवळ रानडुक्कर उभं आहे. कोणाला फोन करू आता.

लाईनमन (रात्री ९:१५)

डुकराले मोटर बंद-चालू करून काही फरक पडत नाही, सांगून ठेवतो.

गमतीचं सोडा, एक खरं सांगू का? दुरून मोटर चालू करण्याआधी विहिरीवर कोणी हात घालून बसलेलं नाही ना याची खात्री करा. फोन करून विचारा, कॅमेऱ्यात बघा. स्टार्टरपाशी "मोटर आपोआप सुरू होते" अशी पाटी लावा. आणि विहीर उपसली की मोटर कोरडी फिरू नये म्हणून ड्राय रन प्रोटेक्शन बोर्डाच्या भरवशावर नको, पॅनेलातच हवं. नेट गेल्यावर बंद कोण करणार?

धुऱ्यावरचा (रात्री ९:२४)

पाटी आहे. ड्राय रनचा रिले पॅनेलातच घातलाय. दुरून मी जास्त करून बंदच करतो, चालू करायला ऑटो आहेच.

धुऱ्यावरचा (बुधवार, सकाळी ६:५०)

नवीन भानगड. रात्री लाईन गेली ती पहाटे आली. लॅपटॉपची बॅटरी जुनी, तोही बंद पडून परत सुरू झाला. टेलस्केलला घरचा लॅपटॉप दिसतो, पिंग जातं, पण प्रॉक्सी "कनेक्शन रिफ्यूज्ड". हिंगणघाटी यांच्या हिशेबाने म्हणजे यंत्र आहे, पण ऐकणारं कोणी नाही. घरी पोरांचा टॅब मात्र प्रॉक्सीतून चालतो म्हणे.

हिंगणघाटी (सकाळी ८:०५)

अगदी बरोबर वाचलंत. यंत्र सुरू होताना स्क्विड टेलस्केलच्या आधी उठला. त्या क्षणी तो १०० वाला पत्ता यंत्रावर नव्हताच, म्हणून त्याला तिथे बसता आलं नाही, फक्त १९२.१६८ वर बसला. कॅशे लॉगमध्ये "कॅनॉट असाइन रिक्वेस्टेड ॲड्रेस" असं सापडेल.

आत्तापुरता स्क्विड रीस्टार्ट करा. टेलस्केलमधून एसएसएच (दुरून कमांड देणं) करता येईल. कायमचं म्हणजे सिसकंट्रोलमध्ये (लिनक्सच्या गाभ्याच्या सेटिंगमध्ये) "नेट.आयपीव्ही४.आयपी_नॉनलोकल_बाइंड" १ करा. मग पत्ता अजून आलेला नसला तरी स्क्विड त्यावर बसून राहतो आणि पत्ता आला की काम सुरू. सिस्टमडीमध्ये (सेवा सुरू करणाऱ्या व्यवस्थेत) स्क्विडला टेलस्केलनंतर उठायला सांगता येतं, पण सेवा सुरू झाली म्हणजे पत्ता आलाच असं नाही, म्हणून मला पहिला उपाय जास्त भरवशाचा वाटतो.

आणखी एक, तिकडे आहातच तर. टेलस्केलच्या पानावर घरच्या लॅपटॉपची "की एक्स्पायरी" (लॉगिनची मुदत) बंद करा. नाहीतर १८० दिवसांनी तो परत लॉगिन मागेल आणि नेमके तुम्ही बाहेरगावी असाल.

मृगबहार (सकाळी ८:४०)

राउटरले १२ व्होल्टचा मिनी यूपीएस लावून टाका भाऊ. फायबरले रस्त्यात लाईन लागत नाही, फक्त दोन टोकाले लागते. आपल्या टोकाचं आपण पाहावं. आमच्याकडं केबलवाल्याच्या टोकाले इन्व्हर्टर हाये, तं डीपी जळाली तरी नेट चालू रायते.

धुऱ्यावरचा (रात्री ९:३५)

नॉनलोकल बाइंड लावलं, लॅपटॉप मुद्दाम रीबूट करून पाहिला, दोन्ही पत्त्यांवर ऐकतोय. की एक्स्पायरी बंद केली. मिनी यूपीएस यवतमाळहूनच घेऊन चाललोय.

केबलवाल्याला १००.७२ वाल्या ओळी दाखवल्या. आधी "आपलं सगळं सेफ आहे" म्हणाला. मग त्याच्याच ऑफिसच्या वायफायवरून दुसऱ्या गिऱ्हाइकाच्या राउटरचं लॉगिन पान उघडून दाखवलं, तेव्हा त्याने वरच्या कंपनीच्या माणसाला फोन लावला. गिऱ्हाईकं वेगळी करायची सेटिंग स्विचमध्ये आहे, आठवडाभरात करतो म्हणाला.

झाडीपट्टी (रात्री ९:५०)

आठवडाभराने टीसीपीडम्प परत लावून बघा आणि इथे कळवा. आमच्या ब्रह्मपुरीच्या केबलवाल्याला दाखवायला कामी येईल.

वावरवाली (गुरुवार, दुपारी १२:१०)

धागा आत्ता वाचला. आमच्याकडे स्क्विड नाही, टायनीप्रॉक्सी आहे, तोही फॉरवर्ड केलेला. त्यातही तो १०० चा पट्टा आयता परवानगीत असतो का?

झाडीपट्टी (दुपारी १२:३५)

टायनीप्रॉक्सीत "अलाऊ" च्या ओळी बघा. एकही ओळ नसेल तर तो सगळ्यांनाच आत घेतो, ते स्क्विडपेक्षा वाईट. फक्त घरचा पट्टा लिहा आणि फॉरवर्ड आजच काढा. तुमचा वॅन आयपी कितीने सुरू होतो?